कस्टम टॉर्चची बॉडी: तांबं घ्यायचं की टायटॅनियम?
हातानं बनवलेली टॉर्च ऑर्डर करताना लोक आधी एलईडीवर भांडतात, पण खरा फरक बॉडीच्या धातूनं पडतो. तांब्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आणि ग्रेड ५ टायटॅनियमची (हा टायटॅनियमचा मिश्रधातू) जेमतेम ७, म्हणजे टायटॅनियममध्ये हाय पॉवर एमिटर (म्हणजे प्रकाश देणारा एलईडी) टाकला की हेड (टॉर्चचा पुढचा भाग) लगेच तापतं आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, ब्राइटनेस खाली आणतो. तांबं मात्र दुप्पट जड, खिसा ओढतं, काळंही पडतं (मला तो रंग आवडतो बरं का). टायटॅनियम हलकं, गंजत नाही, फक्त आटे करकरतात, ग्रीस लागतंच. मी तर हेड तांब्याचं, बॅटरीची ट्यूब टायटॅनियमची सांगेन.