द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे टायर : आठ महिने वापरल्यावर

दिंडोरी तालुक्यात माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. जमीन काळी, लागवड नऊ बाय पाच फुटांवर. 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर आणि मागे 600 लिटरचा ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र. जूनमध्ये मागचे टायर पार गुळगुळीत झाले म्हणून बदलले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बदलावे लागले. दुसऱ्या कुणाचे पैसे तसे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ साइज 8.3-20, म्हणजे टायरची रुंदी 8.3 इंच आणि रिम 20 इंचांची. दुकानदार म्हणाला, "भाऊ, त्याच रिमवर 9.5-20 बसतो. रुंद टायर घ्या, चिखलात बघायला नको." मला पटलं. टायर बसलेही व्यवस्थित.

पण पहिल्याच पावसात बोदाच्या, म्हणजे वेली लावलेल्या मातीच्या उंच वरंब्याच्या, कडा दबायला लागल्या. मांडवाखाली वळताना मागचं चाक बोदावर चढायचं, ठिबकची नळी दोनदा चिरडली. एका ठिकाणी कड ढासळली तिथं पांढरी मुळी, म्हणजे वेलीला अन्नपाणी देणारी कोवळी मुळं, उघडी पडली, ते बघून फार वाईट वाटलं. नऊ फुटांच्या ओळीत दोन्ही बाजूंचे बोद सोडले की चाकाला जागा किती उरते, हे मी टायर घ्यायच्या आधी टेप लावून मोजायला हवं होतं.

दुसरा त्रास उशिरा कळला. फोर व्हील टाकलं की स्टेअरिंग जड व्हायचं आणि कडक जमिनीवर गिअर सुटायचा नाही. गावातल्या जुन्या मेकॅनिककाकांनी एक साधी परीक्षा करून दाखवली. फोर व्हील काढून ट्रॅक्टर सरळ चालवायचा, मागचं चाक बरोबर दहा फेरे फिरेपर्यंत पुढच्या चाकाचे फेरे मोजायचे. खुणेला खडूची रेघ. मग फोर व्हील टाकून तेच. टाकल्यावर पुढच्या चाकाचे फेरे किंचित, म्हणजे शंभरात एक ते पाच, जास्त भरले पाहिजेत. पुढचं चाक थोडं ओढतं असावं लागतं. माझ्याकडे उलटंच निघालं. मागचा टायर जवळजवळ दोन इंच उंच झाला होता, त्यामुळे पुढचं चाक मागे पडून फरपटत होतं. तो सगळा ताण गिअरवर आणि पुढच्या टायरच्या दातांवर. काका म्हणाले, "बदलायचे तर चारही जुळवून बदल, नाहीतर कंपनीचा साइज सोडू नको."

दुकानदारानं ते टायर अर्ध्या किमतीत परत घेतले. पुन्हा 8.3-20 घेतले, पण या वेळी खोल दातांचे आणि दातांमध्ये मोकळी जागा असलेले. काळी माती दातांत भरून बसली की टायर गुळगुळीत असल्यासारखाच घसरतो. जागा मोकळी असेल तर माती फिरता फिरता सुटून पडते.

खरी परीक्षा गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठी करतात त्या छाटणीनंतर, झाली. पोंगा (डोळा फुटणं) ते फुलोरा या दिवसांत पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी करायला त्याच दिवशी बागेत शिरावं लागतं, वाफसा यायची, म्हणजे जमीन सुकून चालण्याजोगी व्हायची, वाट बघता येत नाही. ऑक्टोबरमध्ये एका रात्री जोरात पाऊस झाला, सकाळी भरलेला ब्लोअर घेऊन गेलो. सगळ्या ओळी झाल्या, एकदाही रुतला नाही. चाकोरी पडली, पण बोद शाबूत राहिले.

यात हवेचाही मोठा वाटा आहे. पंक्चरवाल्यानं 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दिली होती. मी गेज विकत घेतला आणि कंपनीच्या पुस्तकात बघून मागच्या चाकांत 15 वर आणली. टायर जमिनीवर पसरून बसतो, घसरणं लगेच कमी झालं. रस्त्यानं ट्रॉली ओढायची असेल तेव्हा थोडी वाढवतो. पावसाळ्यात टायरमध्ये वजनासाठी भरलेलं पाणीही काढून टाकतो, ओल्या काळ्या जमिनीत ते वजन नुसतं खाली खेचतं. जड ओढकाम करताना मात्र पाणी लागतं. तेव्हा व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण टायर भरतो.

घेताना दोन गोष्टी बघा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे बाजूवर असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. मला आधी दाखवलेली जोडी तीन वर्षं पडून होती, ती मी घेतली नाही. आणि बसवताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिलं की दातांचं टोक वर दिसलं पाहिजे. माझं डावं चाक उलटं बसवलं होतं, तिथंच उभं राहून काढायला लावलं.

आज फेब्रुवारीत मागचे दात अजून चांगले उभे आहेत. पुढचे, त्या तीन महिन्यांत घासलेले, खरड छाटणीच्या (द्राक्षं काढल्यानंतरच्या छाटणीच्या) आधी बदलणार आहे. साइज तोच.