वाळवंटी अल्ट्रासाठी सोलापुरी टेरी टॉवेल: गळ्यात नॅपकिन, बादलीत टॉवेल

बॅडवॉटर १३५ ही अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याची शर्यत, जुलैत कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून धावतात. अंतर २१७ किलोमीटर, पारा पन्नाशीला टेकलेला, आयोजकांचं पाण्याचं टेबल वाटेत कुठेच नाही. प्रत्येकाची स्वतःची गाडी आणि स्वतःचा क्रू, म्हणजे वाटेत मदत करणारी माणसं. तिथे बर्फ आणि तो अंगाशी धरून ठेवणारं कापड याला बुटांइतकीच किंमत येते. अशा शर्यतीची तयारी मे महिन्यात अक्कलकोट रोडवर करणाऱ्यांना सोलापूरच्या यंत्रमागावरचा टेरी टॉवेल पुरेल का? पुरतो, पण माप आणि जागा बरोबर निवडली तरच.

गळ्यासाठी ४० बाय ६० सेंटीमीटरचा नॅपकिन घ्या. जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ४००च्या पुढे नको. एवढा नॅपकिन कोरडा शंभरेक ग्रॅम भरतो आणि चिंब झाला की चारशेच्या घरात जातो. ५५० जीएसएमचा गुबगुबीत टॉवेल दुकानात हाताला छान लागतो, पण तीस किलोमीटरनंतर खांदे ओढतो. रंग पांढरा किंवा फिका असावा; गडद नक्षीचा रंग घामाबरोबर टी-शर्टवर उतरतो.

नवा टॉवेल तसाच वापरू नका. त्यावर मऊपणासाठी दिलेलं फिनिश असतं आणि ते पाणी आत शिरू देत नाही. गरम पाण्यात साध्या पावडरने दोन-तीनदा धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. मग वरून पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर आणखी एकदा धुवा.

नॅपकिन लांबीत दुमडून कडा शिवून नळी करायची, मधोमध १५ सेंटीमीटरचं तोंड उघडं ठेवायचं. त्यात २०० ते २५० ग्रॅम बारीक फोडलेला बर्फ भरून तो मानेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना येईल असा बसवायचा, गाठ पुढे. मोठे खडे हाडाला टोचतात आणि धावताना उडतात. सुती टेरीचा खरा फायदा इथे कळतो: वितळलेलं पाणी कापडावरचे धाग्यांचे फासे धरून ठेवतात, ते एकदम पाठीवर ओघळत नाही. पाणी ओघळून मोज्यात गेलं की तळव्याला फोड आलेच. त्यामुळे बर्फ भरण्याआधी नॅपकिन घट्ट पिळा, ओथंबता बांधू नका. पीव्हीए या स्पंजासारख्या कृत्रिम कापडाचे कूलिंग टॉवेल हलके असतात खरे, पण वाळले की पापडासारखे कडक होतात आणि बर्फ धरत नाहीत.

तोटा घर्षणाचा. घामातलं मीठ फाशांत साचतं आणि दोन-तीन तासांत मान सोलते. गळ्याला आधीच पेट्रोलियम जेली लावा, दर थांब्यावर नॅपकिन गोड्या पाण्यात खळबळून घ्या, शक्य तर दोन आलटूनपालटून वापरा.

थंडाव्याचा हिशेबही नीट समजून घ्यावा. २५० ग्रॅम बर्फ वितळून अंगाइतका कोमट होईपर्यंत साधारण १२० किलोज्यूल उष्णता ओढतो. ताशी ८ किलोमीटरने धावणारा ६० किलोचा माणूस तेवढी उष्णता पाचेक मिनिटांत तयार करतो. याउलट एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल जातात. म्हणजे खरं काम घामाचंच. मान गार असली की बरं वाटतं, वेग वाढवावासा वाटतो, पण शरीराच्या आतलं तापमान त्या प्रमाणात उतरलेलं नसतं. हा धोका क्रूने ध्यानात ठेवायलाच हवा. म्हणून मोठा टॉवेल खांद्यावर पांघरून धावू नये; त्याखालचा घाम वाळत नाही.

हवेचाही फरक पडतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत ओलं कापड २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. ३५ अंश आणि ६० टक्क्यांत ते २८च्या खाली जात नाही. मे महिन्याच्या कोरड्या सोलापुरात टॉवेल जे काम करतो, ते जूनच्या पहिल्या पावसानंतर करणार नाही.

मोरोक्कोच्या मॅराथॉन दे साब्ल या अनेक दिवसांच्या वाळवंटी शर्यतीसाठी मात्र हा टॉवेल घेऊ नका. तिथे सामान पाठीवर, बर्फ नाही. तिथे पातळ सुती पंचा बरा.

मोठ्या ३० बाय ६० इंची टॉवेलची जागा क्रूच्या गाडीत, आणि तिथे त्याला तोड नाही. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत सहा-आठ टॉवेल कायम बुडवून ठेवा. धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात धरून चाला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. सावलीत आडवं करा, १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता डोकं, मान, छाती, काखा, जांघा, मांड्या ओल्या टॉवेलांनी झाका. दर दोन-तीन मिनिटांनी टॉवेल बदला. तापलेला टॉवेल अंगावर तसाच राहिला तर तो पांघरुणाचं काम करतो. इथे ५०० जीएसएम चालतो, कारण तो जास्त गार पाणी धरतो. अंगभर बुडवता येईल असा टब असेल तर तो टॉवेलपेक्षा केव्हाही सरस.

कारखान्यातली बर्फाची लादी टॉवेलांसाठी वापरा, बाटलीत टाकू नका. पिण्यासाठीचा बर्फ वेगळ्या डब्यात, खूण करून ठेवा.