क्यूजीआयएस : आराखड्यातलं वाक्य तपासून बघायचं तर हेच

नगररचनेच्या कामात क्यूजीआयएस माझ्या संगणकावर दिवसभर उघडं असतं. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलेलं हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पण मला त्याचं खरं मोल वाटतं ते वेगळ्या कारणासाठी: आराखड्यात लिहिलेलं वाक्य खरं आहे का, हे कुणालाही त्यात स्वतः ताडून पाहता येतं.

उद्यानाचंच घ्या. ‘प्रत्येक घरापासून ५०० मीटरच्या आत उद्यान’ हे दाखवायला उद्यानाभोवती ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि आतली सगळी घरं मोजून मोकळं व्हायचं, ही सोपी पद्धत. क्यूजीआयएसमध्ये ‘बफर’ नावाचं साधन हे चुटकीसरशी करून देतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ७८.५ हेक्टर. पण माणसं रस्त्याने चालतात. रस्त्यांची अगदी दाट, काटकोनी आखणी धरली तरी ५०० मीटर चालून पोचता येईल असा भाग पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा निघतो, आणि तो भरतो ५० हेक्टर. म्हणजे आदर्श आखणीतसुद्धा वर्तुळाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गळतो. मध्ये रेल्वेमार्ग किंवा नाला आला, तर विचारूच नका.

हा फरक दाखवणारं साधन प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये आहे: नेटवर्क अ‍ॅनालिसिसमधलं ‘सर्व्हिस एरिया’. क्विकओएसएम हे प्लगइन (जोड-साधन) टाकून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरचे रस्ते उतरवून घ्यायचे, उद्यानाच्या फाटकांचे बिंदू द्यायचे, अंतर ५०० लिहायचं. फाटकांचेच बिंदू द्या, उद्यानाच्या मध्यबिंदूवरून मोजू नका; मोठ्या उद्यानात त्याने निकालच बदलतो. थोड्या वेळात प्रत्यक्ष चालता येणारे रस्ते रंगून येतात. वर्तुळाच्या आत असूनही एकही रंगीत रेघ न पोचलेली गल्ली तिथे डोळ्यांना दिसते, आणि मग एखादा पादचारी पूल कुठे हवा याची चर्चा मुद्द्यावर येते. पुलाची रेघ नकाशावर आखून तेच साधन पुन्हा चालवलं की पुलाने किती घरं जोडली जातील तेही कळतं. माझ्या मते नियोजनातल्या डिजिटल साधनांचा याहून चांगला उपयोग नाही.

आता सावधगिरी. नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, आधी तपासा. थर (रस्ते, उद्यानं असा नकाशातला एकेक माहितीसंच) अक्षांश-रेखांशात असेल तर बफरला दिलेले ५०० हे मीटर नसून अंश होतात. सॉफ्टवेअर इशारा देतं, तो वाचा. वेब मर्केटर हे ऑनलाइन नकाशांत वापरलं जाणारं प्रक्षेपण जास्त फसवं, कारण एकक मीटरच दिसतं, पण ६० अंश अक्षांशावर त्यातलं ५०० मीटर जमिनीवर जेमतेम २५० असतं. आपल्या भागाचा यूटीएम झोन (त्या पट्ट्यापुरतं, मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण) निवडून सगळे थर त्यात बदलून घ्यायचे आणि मगच मोजायचं.

दुसरं म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांनी भरलेला आहे. मोठे रस्ते बहुधा असतात, पायवाटा आणि बोळ सुटलेले असू शकतात. यासाठी क्यूफील्ड हे मोबाइल अ‍ॅप घेऊन जागेवर जावंच लागतं. पायऱ्या, अरुंद कठडे, रात्री कुलूप लागणारं फाटक हे उपग्रहचित्रात दिसत नाही, आणि व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तर सगळा हिशेब त्यावरच अवलंबून असतो.

तक्रारी आहेतच. पडदा बटणांनी गच्च भरलेला आहे, नवख्याला पहिला आठवडा जड जातो. मोठी रास्टर (पिक्सेलची बनलेली) चित्रं उघडली की कधी कधी सगळं गोठतं, म्हणून काम सारखं सेव्ह करत राहा. नव्या आवृत्त्या भराभर येतात. कामासाठी दीर्घकाळ टिकवली जाणारी एलटीआर आवृत्तीच घ्या.

शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकाराचा हट्टही सोडा. तिच्यात रकान्याचं नाव १० अक्षरांपुढे जात नाही आणि एका नकाशाच्या चार-पाच फायली सांभाळाव्या लागतात. जिओपॅकेज या एकाच फाइलमध्ये सगळे थर आणि प्रोजेक्टसुद्धा मावतो. हरकती-सूचनांच्या वेळी छापील नकाशासोबत मी तीच फाइल देण्याचा आग्रह धरते. रहिवाशांना आपल्या गल्लीपासून उद्यानाचं फाटक किती लांब आहे ते स्वतः मोजून हरकत लिहिता येते.