ई-मेल की व्हॉट्सॲप?
इंदूरला रामबागेतल्या आत्याने घराच्या वाटणीचे कागद व्हॉट्सॲपवर धाडले. फोटो काढताना हात हललेला, दुसरं पान गायब. म्हटलं, "आत्या, स्कॅन करून मेल कर गं."

व्हॉट्सॲपला दोघांकडे तेच ॲप हवं. ई-मेलचं तसं नाही. जीमेलवरून याहूवर लिहा, पोचतं. पत्र सर्व्हरवर थांबतं, सवडीने उघडा. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी संगणक अभियंत्याने माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये 'ॲट'चं चिन्ह (@) घातलं, पत्त्याची तीच रीत अजून चालू आहे. शिवाय विषय, तारीख, कोणाकोणाला प्रत गेली, सगळं डोक्यावरच लिहिलेलं. वाटणीच्या कामात हे फार लागतं!

"पोहे झाले का?" विचारायला मात्र व्हॉट्सॲपच. त्याला विषय काय लिहिणार?