जुनी विहीर, जुना वड : तिथं पार्क करावा की जागा तशीच राखावी?

निपाणीहून मावसभावाचा फोन आला. त्यांच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत एक मोटेची विहीर आणि चार चिंचा आहेत, निधी मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि ठेकेदारानं दोन नकाशे पुढ्यात टाकलेत. "तुम्ही काय केलासा तुमच्याकडं?" असं त्यानं विचारलं. अर्धा तास बोललो, तरी निम्मं राहिलंच. बेळगाव घ्या, खानापूर घ्या, चिकोडी घ्या, शिवारांचे प्लॉट होत चाललेत आणि दर दुसऱ्या लेआऊटच्या कोपऱ्यात अशी एखादी विहीर, एखादा वड, नाहीतर शेंदूर फासलेला दगड मधेच उभा असतो. म्हटलं लिहूनच टाकावं.

पर्याय दोनच असतात. एक म्हणजे 'हेरिटेज पार्क'. त्यात कंपाउंड, कमान, पेव्हर ब्लॉक, लॉन, कारंजं, ओपन जिम आणि इतिहास सांगणारी एक भिंत असते. दुसरा म्हणजे विहिरीचा गाळ काढायचा, पार बांधायचा, मुरमाची पायवाट करायची आणि बाकी हात लावायचा नाही. मी दोन्ही वापरलेत. बेळगाव शहरातल्या एका जुन्या वस्तीत सहा वर्षं भाड्यानं राहत होतो, तिथं घराला लागूनच पहिल्या प्रकारचा पार्क होता. आता हिंडलग्याच्या अंगाला एका लेआऊटमध्ये राहतो. इथल्या अठरा गुंठ्यांचा प्रश्न समितीपुढं आला तेव्हा मी दुसऱ्या बाजूनं हात वर केला. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं काही म्हणत नाही.

पण पहिल्याचं चांगलं आधी सांगतो. उजेड. संध्याकाळी साडेसातला बायका एकेकट्या निर्धास्त चालायच्या. स्वच्छतागृह होतं आणि सुरुवातीची दोन वर्षं ते वापरण्यासारखंही होतं. ज्येष्ठ मंडळींना हात धरायला रेलिंग होतं. आमच्या सौभाग्यवती अजून म्हणतात की फिरायला तोच पार्क बरा होता, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं फारसं काही नाही.

लॉन मार्च लागला की पिवळं पडायचं. आपल्याकडं पाऊस कितीही झोडपला तरी फेब्रुवारीनंतर पाण्याची बोंबच असते, आणि राकसकोप धरणाचं पाणी घराघरांत दिवसाआड येत असताना हिरवळीवर पाइप धरलेला कुणाला बघवत नाही. कारंजं दोन गणपती चाललं. पेव्हर ब्लॉकवर जुलैच्या झडीत शेवाळ धरायचं आणि मी त्यावरून दोनदा आपटलो, पण ते माझ्या चपलांमुळंही असेल. या सगळ्या बारीकसारीक कुरबुरी झाल्या. त्यांच्यामुळं माझं मत बदललं नाही.

मत बदललं ते कुलपामुळं.

पार्कची वेळ होती सकाळी साडेपाच ते नऊ आणि दुपारी चार ते आठ. मधल्या वेळात फाटक बंद. मी कामावर असायचो, मला त्याचा त्रास नव्हता, म्हणून पहिली काही वर्षं हे लक्षातच आलं नाही. एका वटपौर्णिमेला रजेवर घरी होतो. अकराच्या सुमाराला गल्लीतल्या आठ-दहा बायका ताटं घेऊन फाटकाशी उभ्या. त्या वडाला त्यांच्या सासवा, आजेसासवा सूत गुंडाळत आल्या होत्या, पार्क व्हायच्या कितीतरी आधीपासून. वॉचमन दुसऱ्या नोकरीवर गेलेला आणि किल्ली त्याच्या खिशात. त्याला फोन लावला तर म्हणाला, चारला येतो. सत्तरीच्या एक आजी गजाला तोंड लावून आत झाडणाऱ्या पोराला सांगत होत्या, "उघड की रे बाबा, सूत गुंडाळून लगेच जातो मी." त्या पोराकडं कुठली किल्ली! शेवटी वडाची एक फांदी कुंपणाबाहेर आली होती, तिलाच बायकांनी सूत बांधलं. आता फांदीभोवती सात फेरे कसे घालणार? जागच्या जागी स्वतःभोवतीच फिरल्या बिचाऱ्या. हसल्याही. मला मात्र दिवसभर ते टोचत राहिलं.

मी तावातावानं चौकशीला गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे हिशोब मांडला, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर होता. कारंज्याची मोटर एकदा चोरीला गेली. दिव्यांची वायर दोनदा. जिमचं एक चाक कुणीतरी उपटून नेलं. दुपारी माणूस ठेवायचा तर पगार कुठून द्यायचा? म्हणून कुलूप. म्हणजे वडाला किंवा विहिरीला कुलपाची गरज कधीच नव्हती. शेजारी आणून ठेवलेल्या सामानासाठी ते होतं, आणि त्या सामानापायी वडही आत कोंडला गेला. तेव्हापासून कुठल्याही पार्कचा नकाशा दिसला की मी आधी त्यात चोरीला जाण्यासारखं काय काय आहे ते मोजतो.

आता आमची जागा. बासमतीच्या शिवारातला हा तुकडा. मालकांनी जमीन दिली, लेआऊट पडला, आणि विहीर ज्या तुकड्यात होती तोच मोकळी जागा म्हणून सुटला. (विहीर बुजवून प्लॉट पाडण्यापेक्षा ती मोकळ्या जागेत ढकलणं स्वस्त पडतं, एवढंच त्यामागचं इतिहासप्रेम.) काळ्या दगडात बांधलेली, पायऱ्या शाबूत, वर मोटेचं पाणी ओतायचं थारोळं आणि मोट ओढताना बैल उतरायची धाव. शेजारी वड आणि दोन जांभळं.

पहिल्या नकाशात थारोळं काढून तिथं कारंजं होतं. धाव बुजवून दुचाकी पार्किंग. आणि समोरच्या भिंतीवर काय, तर मोट हाकणारा शेतकरी आणि फायबरचे दोन बैल! खरी धाव बुजवायची आणि तिच्यावर खोटे बैल उभे करायचे. बैठकीत यावर पहिल्यांदा जे हसले ते नकाशा काढणारेच होते, म्हणून पुढचं बोलणं सोपं गेलं.

जुनं म्हणजे काय, हाही वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, आपल्या विहिरीला कसला आलाय इतिहास, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखी, त्या जैन मंदिरासारखी ती १२०४ सालची थोडीच आहे? मुद्दा खरा आहे. आमच्या विहिरीचं सालसुद्धा कुणाला सांगता येत नाही. पण मला राहून राहून टिळकवाडीची काँग्रेस विहीर आठवत होती. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा बेत उभा केला, विजयनगर नावाची अख्खी वसाहत वसवली, मांडव घातले. त्यातलं आज उरलंय काय? आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवं म्हणून खणलेली विहीर. कमानी गेल्या, पाण्याची सोय राहिली. आमच्या विहिरीवर कुणी महात्मा आला नाही, पण चार पिढ्यांची शेतं तिच्यावर भिजली. तेवढ्यानं मला पुरे होतं, समितीतल्या सगळ्यांना होतं असं नाही.

मग आम्ही केलं ते थोडकंच. उन्हाळ्यात गाळ काढला. त्यात दोन तांबे, मोटेचं एक लोखंडी कडं आणि विसर्जनाच्या मूर्तींचा ढीगभर चिखल निघाला. विहिरीचे ढासळलेले दगड गवंड्याकडून पुन्हा बसवून घेतले. त्याला सिमेंटनं लिंपून टाकायची फार घाई होती, त्याला आवरणं हेच मोठं काम झालं. वडाला पार बांधला, पण बुंध्यापासून चांगला हातभर सोडून, मधे माती ठेवून. झाडाच्या बुंध्याशी फरशी घालायची आपल्याकडं हौसच आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली सांगावं लागलं की झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट उखडा. एक जांभूळ 'आडवं येतंय' म्हणून तोडायचं चाललं होतं. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्ष कायद्यानं ट्री ऑफिसरची परवानगी लागते म्हटल्यावर ते आपोआप आडवं यायचं थांबलं.

कंपाउंडऐवजी गुडघाभर उंचीची जांभ्या दगडाची भिंत घातली. तिच्यात तीन वाटा ठेवल्या, गुरं आत येऊ नयेत म्हणून जरा वाकड्या. फाटक नाही. दुपारी दोनला पोस्टमन आणि भाजीवाली पारावर डबा खाताना दिसतात. पहिल्या पार्कमध्ये त्या वेळेला आत फक्त कावळे असायचे. धावेवरून पोरं घसरगुंडी करतात. दिवाळीत तांबडी माती जागेवरच मिळते, त्यामुळं किल्ले करायला कुणाच्या शेतात जावं लागत नाही. गेल्या दिवाळीला मी आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या तीन प्रतिकृती मोजल्या, तिन्ही एकमेकींसारख्या नव्हत्या.

आणखी एक फायदा झाला, तो ठरवून केलेला नाही. पहिल्या नकाशात ग्रॅनाइटची मोठी पाटी होती. बेळगावात पाटी म्हटली की कोणती भाषा वर, कोणती खाली आणि कुणाचं नाव मधे, यावर तीन बैठका जातात. आमच्याही एक पूर्ण आणि एक अर्धी गेली. दुसऱ्या नकाशात पाटीच नव्हती. कन्नड बोलणारे शेजारी 'बावी' म्हणतात, आम्ही विहीर म्हणतो, आणि सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात.

आता याच्या खोडी. रात्री बाटल्या पडतात, ही खरी डोकेदुखी आहे. पहिल्या पार्कमध्ये हे नव्हतं. आम्ही रस्त्यावरचा एक दिवा आत वळवून घेतला, त्यानं थोडा फरक पडला, पुरता नाही. पावसाळ्यात पायवाटेचा मुरूम वाहून जातो आणि दरवर्षी दसऱ्याच्या आसपास अडीच ब्रास नवा टाकावा लागतो. त्यासाठी वर्गणी मागत फिरण्यात जी मजा आहे ती ज्यानं केली त्यालाच ठाऊक. साप दिसतो, बहुतेक धामण असते, पण ओरडणाऱ्याला ते सांगून उपयोग नसतो. स्वच्छतागृह नाही. आणि सरकारी निधी दुसऱ्या नकाशावर फारसा खर्चच होत नाही. कुणाला ती अडचण वाटते, कुणाला सोय.

तेव्हा निपाणीकरांना, आणि ज्यांच्यापुढं असेच दोन नकाशे पडलेत त्यांना, मी छातीठोकपणे एकच करा असं सांगणार नाही. जागा हमरस्त्याला लागून असेल, आसपास राबता नसेल, किंवा शेजारचा माणूस दरसाल फूटभर आत सरकत असेल, तर कंपाउंड बरं. आमच्या जागेला चारी बाजूंनी घरांच्या खिडक्या आहेत, पाळत त्याच ठेवतात. आणि काहीही करण्याआधी कागद बघा. लेआऊटची मोकळी जागा एकदा स्थानिक संस्थेकडं गेली की ती आपल्या समितीची राहत नाही, आणि उद्यानं व मोकळ्या जागांसाठी कर्नाटकात १९८५ चा वेगळा कायदा आहे. परवानगी न घेता टाकलेला चांगला मुरूमही बेकायदेशीर ठरू शकतो. दुसऱ्या बाजूनं तोच कायदा कामाला येतो, तिथं उद्या कुणी कायमचा मांडव ठोकायला आला तर.

एक कुलूप आमच्याकडंही आहे, लपवत नाही. विहिरीवर लोखंडी जाळी घातली आहे, पोरंबाळं आहेत, तिथं हट्ट करून चालत नाही. जाळीला एक झडप आहे आणि झडपेला कुलूप. किल्ली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते, काडेपेट्यांच्या वर. गेल्या वटपौर्णिमेला कळशीभर पाणी काढायला बायका ती घेऊन गेल्या आणि परत करायला विसरल्या. दोन दिवसांनी ती वडाच्या सुताला अडकवलेली सापडली.