गटाने घेतलेलं सोलर: ओहायोतल्या आमच्या छताचा पहिला हिवाळा

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगते. ‘सोलर युनायटेड नेबर्स’च्या गटखरेदीतून आम्ही छतावर सोलर बसवलं. गटाला पाचपैकी पाच. ज्या कंत्राटदाराने बसवलं त्याला तीन. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण मंडळाच्या संक्रांतीला चार-पाच जणांनी हेच विचारलं आणि तिळगुळाच्या गडबडीत धड सांगता आलं नाही.

ही संस्था ना-नफा आहे. एका भागातली घरं गोळा करायची, सगळ्यांची मिळून कंत्राटदारांकडून निविदा मागवायची, अशी पद्धत. सामील व्हायला पैसे लागत नाहीत. कंत्राटदार कोण हे सभासदांचीच समिती ठरवते. संस्थेची माणसं शंका सोडवतात, मत देत नाहीत. नाव नोंदवलं म्हणजे सोलर घेतलंच पाहिजे असंही नाही. आपल्या घराचा वेगळा प्रस्ताव येतो, तो बघून नाही म्हणता येतं.

मी समितीत बसले. दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते, त्यामुळे बारीक अक्षरातलं वाचायची सवय आहे. आम्ही पाच जण होतो. त्यात एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: पॅनेल छताला ज्या स्क्रूंनी बसतात, तिथून पाणी गळलं तर कोण येणार आणि किती वर्षं येणार? सगळ्यात स्वस्त निविदेत याचं उत्तरच नव्हतं. ती आम्ही बाजूला ठेवली. एकट्याने घेतलं असतं तर तीच घेतली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता या सगळ्यामागे इथल्या वीजकायद्याची जी गोष्ट आहे, तीही सांगायला हवी. त्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात इथे ‘हाउस बिल ६’ हा राज्याचा कायदा मंजूर झाला. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीशी जोडलेली दोन अणुवीज केंद्रं वाचवण्यासाठी ग्राहकांच्या बिलावर आकार बसवायचं ठरवलं. त्याच कायद्याने १९५५ पासून चालणाऱ्या दोन कोळसा केंद्रांचा तोटाही ग्राहकांवर टाकला. त्यातलं एक, क्लिफ्टी क्रीक, तर शेजारच्या इंडियानात आहे. अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट साडेबारा टक्क्यांवरून साडेआठवर आणलं. वीज कंपन्यांनी बचतीचे कार्यक्रम चालवायचे हे बंधनही गेलं आणि ते कार्यक्रम २०२०च्या अखेरीस बंद पडले. घर गळकं आहे का, उष्णता कुठून जाते, हे सवलतीत तपासून मिळायचं, ते गेलं.

या कायद्याविरुद्ध जनमत घ्यावं म्हणून सह्यांची मोहीम निघाली. तिच्या विरोधात टीव्हीवर जाहिराती आल्या की चिनी सरकार आपल्या वीजजाळ्यात शिरतंय, सही करू नका, आपली माहिती देऊ नका. मी तेव्हा नुकतीच नागरिक झाले होते. वाचनालयाबाहेर एक मुलगी कागद घेऊन उभी होती. तिच्या हातातलं पेन मी बघितलं, आणि मान खाली घालून गाडीकडे गेले. पुरेशा सह्या जमल्या नाहीत. पुढच्या जुलैत विधानसभेचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. हाच कायदा करून घेण्यासाठीचं, सुमारे सहा कोटी डॉलरचं लाचेचं प्रकरण! २०२१ मध्ये फर्स्टएनर्जीने कबुली देऊन २३ कोटी डॉलर दंड मान्य केला, २०२३ मध्ये सभापतींना २० वर्षांची शिक्षा झाली. पण कोळशाचा तो आकार? शिक्षेनंतरही चालूच राहिला. तो २०२५च्या कायद्याने थांबला. माणूस तुरुंगात आणि त्याने केलेली वसुली चालू, हे मला आजही सहन होत नाही.

इतकंच नाही. २०२१च्या सिनेट बिल ५२ या कायद्यामुळे इथल्या काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) मोठे सोलर आणि पवन प्रकल्प आपल्या हद्दीत नाकारता येतात. तेल आणि वायूच्या विहिरींबाबत त्यांना असा अधिकार नाही. म्हणून मी मैत्रिणींना सांगत असते, की आपल्या छताचा निर्णय तरी आपल्या हातात आहे, तो घ्या.

२०२५च्या मार्चमध्ये नाव नोंदवलं. ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नव्या करकायद्यावर सही झाली आणि घरगुती सोलरची ३० टक्के करसवलत वर्षअखेरीस संपणार हे नक्की झालं. मग सगळीच धावपळ. इथे कंत्राटदाराचे दोन गुण कापते. वीज कंपनीच्या अर्जावर आमचा ग्राहक क्रमांक चुकीचा लिहिला, अर्ज परत आला, तीन आठवडे गेले. खारींसाठीची जाळी प्रस्तावात नव्हती, ती नंतर वेगळी लावली. सही करण्याआधी जाळीचं विचाराच. आमच्याकडे खारी पॅनेलखाली शिरून वायर कुरतडतात.

काम मात्र सुंदर केलं. दोन पोरं सकाळी आठला छतावर चढली. आधी हातोडीने टकटक करत वासा कुठे आहे ते शोधलं, खडूने खूण केली, मगच भोक पाडलं. प्रत्येक भोकावर पत्र्याची पट्टी आणि खाली सील. एक भोक वाशाला चुकलं, तर ते पाडणाऱ्या पोराने लपवलं नाही. मला बाहेर बोलावून फोटो दाखवला आणि माझ्यासमोर बुजवलं.

चारशे वॅटची १८ पॅनेल, म्हणजे ७.२ किलोवॅट. प्रत्येकाखाली एनफेज कंपनीचा छोटा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा), त्यामुळे मॅपलची सावली दोनांवर आली तरी बाकीची सोळा थांबत नाहीत. खर्च २०,१६० डॉलर, करसवलत धरून १४,११२. माझ्या हिशेबाने बारा वर्षांत वसूल. आज सवलतीशिवाय घेणाऱ्याला सतरा लागतील. उरलेली वीज वीजजाळ्यात गेली की तिला फक्त निर्मितीचा दर मिळतो, वहनाचा नाही. म्हणून धुणं आणि भांड्यांचं मशीन आता दुपारी लावते. छत दहा वर्षांहून जुनं असेल तर आधी छत बदला. आणि भाड्याच्या घरात असाल तर यात पडू नका.

डिसेंबरात १९० युनिट, जानेवारीत २१५. बर्फाचे नऊ दिवस शून्य. मग ऊन पडलं की पॅनेलवरून अख्खा थर धप्पकन अंगणात येतो. खाली गाडी लावू नका.

बाबा विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात बॉयलरवर होते. वसाहतीत आई वाळत घातलेले कपडे आत आणताना प्रत्येक कपडा झटकायची, आणि तरी शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर राखेची रेघ राहायची. फोनवर भीतभीतच सांगितलं, की आता कोळशाची वीज कमी घेणार आहे. ते म्हणाले, “अगं, मग रोजचं रीडिंग सांगत जा.” ड्यूटीवर दर तासाला नोंद करायचे, ती सवय गेलेली नाही. आता रोज रात्री विचारतात. काल ३१ युनिट झाले म्हटलं तर म्हणाले, थांब, चष्मा घेतो, वहीत लिहू दे.