पावसाळ्यातच पाहावा असा निवडुंगसंग्रह

गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त गुरुजींकडे निवडुंग आणि पाने-खोडांत पाणी साठवणाऱ्या इतर रसाळ वनस्पतींचा (सक्युलंट्सचा) मोठा संग्रह आहे, हे गेली काही वर्षे ऐकत होतो. तो पाहायला मी मुद्दाम ऐन आषाढात गेलो. डिसेंबर-जानेवारीत कोणाचीही बाग देखणी दिसते. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे मेक्सिकोच्या कोरड्या माळावरची झाडे कोणी जगवत असेल, तर ती पावसातच तपासावीत, असे माझे मत आहे. हे मत बनायला माझी स्वतःची सदतीस झाडे खर्ची पडली आहेत. पहिल्याच पावसाळ्यात मी सगळ्या कुंड्या पडवीत घेतल्या, समोर झावळ्यांची झडपे बांधली आणि एकाही झाडाला थेंब लागत नाही या समाधानात राहिलो. नागपंचमीपर्यंत निम्म्याहून अधिक झाडे बुडातून पाण्यासारखी झाली होती.

माझे काय चुकले, ते गुरुजींच्या मांडवात शिरताच समजले. वर पॉलीकार्बोनेटचे पारदर्शक छप्पर आहे, त्याला दोन्हीकडे चांगला उतार आहे, आणि चारही बाजू पूर्ण मोकळ्या आहेत. छपराचे टोक शेवटच्या कुंडीपुढे तीन हात बाहेर काढलेले असल्यामुळे वाऱ्याने झड आली तरी ती बहुधा वाटेवरच पडते. पावसाचे पाणी अडवणे हे निम्मेच काम आहे. कोंदट हवा हलती ठेवणे हे उरलेले निम्मे, आणि माझ्यासारखे लोक तिथेच फसतात. मांडणीसाठी लोखंडी स्टँड एकही नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ते दोन-तीन वर्षांत पोपडे धरतात, म्हणून जांभ्याचे चिरे पायऱ्यांसारखे रचून त्यांवर कुंड्या ठेवल्या आहेत. मातीच्या मिश्रणातही चाळलेली जांभ्याची खडी निम्म्याहून अधिक, बाकी नदीची रेती, कोळशाचा चुरा आणि जुने शेणखत. काथ्याचा भुसा मात्र त्यांनी पूर्ण वर्ज्य केला आहे, कारण तो एकदा भिजला की इकडच्या हवेत आठवडाभर सुकत नाही.

संग्रहात सुमारे चारशे कुंड्या असाव्यात, पण या भेटीचे खरे मोल संख्येत नाही; गुरुजींनी काय ठेवले आणि काय सोडून दिले, यात आहे. दगडासारखे दिसणारे लिथॉप्स त्यांनी तीनदा आणले, तीनदा गमावले आणि मग तो नाद सोडला. गुलाबाच्या फुलासारखी पाने मांडणाऱ्या इचेव्हेरियांचेही तेच. यामागचे कारण त्यांनी वर्गात शिकवावे तसे सांगितले. बहुतेक रसाळ वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा आपली रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. त्यांना त्यासाठी गार रात्र लागते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीचा पाराही पंचविसाच्या खाली क्वचितच उतरतो, आणि डोंगराळ प्रदेशातून आलेली झाडे त्यात हळूहळू थकत जातात.

उलट मेलोकॅक्टस या गोलसर निवडुंगाची त्यांची रांग मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही खासगी संग्रहापेक्षा सरस आहे. या झाडाच्या अनेक जाती कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलच्या किनाऱ्यालगत वाढतात, त्यामुळे उष्ण रात्री आणि खारा वारा त्यांना नवा नाही. थंडी मात्र त्यांना मुळीच सोसत नाही. पुण्यातल्या माझ्या मित्रांना जे झाड जमत नाही, ते इथे सुखाने नांदते. झाड वयात आले की डोक्यावर लोकर आणि राठ केसांची तांबूस टोपी येऊ लागते. तेव्हापासून खालचा हिरवा गोळा वाढायचा थांबतो, पुढची सारी वाढ त्या टोपीचीच. मी उभा असतानाच एका टोपीतून गुलाबी, लवंगी मिरचीएवढे फळ अर्धे वर सरकलेले दिसले. गुरुजींनी ते चिमटीत धरून अलगद उपसले, बोटांनी फोडले आणि मोहरीपेक्षा बारीक काळे बी माझ्या तळहातावर ठेवले. त्यांची बहुतेक रोपे अशा घरच्या बियांचीच आहेत. निवडुंगांच्या जवळजवळ सर्व जाती वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) करारात नोंदलेल्या असताना आणि रानातून उपटलेल्या झाडांची चोरटी विक्री चालू असताना, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

गुरुजींचा हात मूळचा आंबा-काजूची कलमे बांधणाऱ्याचा आहे, आणि तो इथेही दिसतो. ड्रॅगनफ्रूटच्या तीनधारी खुंटावर बांधलेली लाल-पिवळ्या गोळ्यांची कलमे बाजारात सर्वत्र मिळतात. त्या गोळ्यांत हरितद्रव्य नसल्यामुळे त्यांना खुंटाशिवाय जगताच येत नाही. गुरुजींना त्यांचे फारसे कौतुक नाही. ते कलम करतात ते झाड वाचवण्यासाठी. त्या दिवशी जिम्नोकॅलिशियम नावाचे एक गोल निवडुंग बुडाशी मऊ पडलेले सापडले. त्यांनी सुरी स्पिरिटने पुसली आणि मुळ्याची चकती काढावी तशी बुडाची पहिली चकती उतरवली. पाणी वाहून नेणाऱ्या मधल्या वाहिन्यांच्या वर्तुळावर विटकरी ठिपके होते. दुसऱ्या चकतीत ते कमी झाले, चौथ्या चकतीला गर काकडीसारखा स्वच्छ फिका हिरवा आला. मग त्यांनी खुंटाचा शेंडा सपाट कापला, दोन्ही वर्तुळे एकमेकांना कुठेतरी छेदतील असे झाड वर बसवले आणि रबरबँड लावला. “हापूसच्या कलमापेक्षा सोपं आहे हो, फक्त ठिपका राहता कामा नये,” एवढेच म्हणाले. बुरशी येऊ नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ते झाडांवर मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. सुपारीच्या कोळेरोगासाठी ते घरात असतेच, वेगळा खर्च नाही.

आता उणिवा. नावांच्या पट्ट्या ही या संग्रहाची सर्वांत लंगडी बाजू. मार्करने लिहिलेली निम्मी नावे उडून गेली आहेत, आणि गुरुजींना ती पाठ असली तरी पाहुण्याला प्रत्येक कुंडीशी थांबून विचारावे लागते. कलमी रोप आणि स्वमुळावरचे रोप यांची विक्रीची मांडणी एकत्र आहे. दोन्हींची निगा वेगळी असल्यामुळे ती वेगळी हवी. मांडवाकडे जाणाऱ्या पाखाडीवर शेवाळ धरले आहे, वयस्कर मंडळींनी जपून जावे. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या कुळातल्या युफोर्बियांचा कोपराही कुंड्यांची दाटी होऊन गुदमरला आहे, जरी तिथेच मला एका जुन्या ठसठशीचे उत्तर मिळाले. एका ऑनलाइन नर्सरीने मागे ‘दुर्मीळ निवडुंग’ म्हणून मला एक झाड चढ्या भावाने पाठवले होते. गुरुजींनी त्याचा फोटो पाहिला आणि शेजारच्या तसल्याच झाडाला नखाने हलकेच ओरखडा काढला. पांढरा चीक आला. काटेही खऱ्या निवडुंगासारखे लोकरी गादीतून फुटलेले नव्हते. म्हणजे माझे ते ‘दुर्मीळ’ झाड आपल्या कुंपणावरच्या थोराचेच चुलत भावंड निघाले.

पाहण्याचे शुल्क नाही. आधी फोन करून रविवारी सकाळी जावे. चिपळूण स्थानकापासून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे, पण पुढच्या वाडीपर्यंत एसटी मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ विचारून ठेवावी. काकूंच्या हातचा आल्याचा चहा मिळतो. रोपे ८० रुपयांपासून आहेत. मेलोकॅक्टसचे दोन वर्षांचे रोप ४०० रुपयांना आहे, जे मला जरा महाग वाटले. तरीही मी एक निवडले आणि पैसे काढले. गुरुजींनी कुंडी माझ्या हातातून घेऊन परत चिऱ्यावर ठेवली, पट्टीवर माझे नाव लिहिले आणि म्हणाले, “भर पावसात मी रोप देत नाही. घटस्थापना झाली की या, तोपर्यंत तुमच्या पडवीच्या बाजू मोकळ्या करून ठेवा.” झडपे मी त्याच संध्याकाळी उतरवली.